आधी एल्विसचं घर बघा, मग कोळीगीताला नावं ठेवा

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मे २०१७ मध्ये जस्टिन बीबर गाऊन गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये केटी पेरी आली, तिच्या पाठोपाठ महिन्याभरात यू-टू आले आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेने तीन रात्री ते मैदान भरवलं. यांत अमेरिकेची म्हणावी अशी केटी पेरी एकटीच. बीबर कॅनडाचा, यू-टू आयर्लंडचे, कोल्डप्ले इंग्लंडचे. पण चौघांचाही जगभर बोलबाला झाला तो अमेरिकेच्या बाजारात आणि अमेरिकेच्या यादीत त्यांची गाणी वर चढल्यावर. अशा प्रत्येक कार्यक्रमानंतर नेरूळमध्ये एक मत ऐकायला मिळतं, आणि ते मांडणारी माणसं शिकलेली, चांगल्या नोकरीतली, एरवी समंजस असतात. त्यांचं म्हणणं असं की हे कलावंत निव्वळ गुणांवर वर आले, कोट्यवधी लोकांनी कान देऊन त्यांना निवडलं, आणि असे कलावंत आपल्या दारात येत असताना रेल्वेरुळांच्या या बाजूला, सारसोळ्यासारख्या गावठाणांत, हळदीच्या रात्री अजून बेंजो लावून कोळीगीतंच चालतात. ते संगीत नव्हे, गोंगाट आहे. गावातल्या मुलांनी त्यातून बाहेर पडावं आणि जगाचं संगीत ऐकावं.

मी सारसोळ्याचा. हे मत मला साफ अमान्य आहे. ते आमच्या गाण्यावर अन्याय करतं, हे तर आहेच. पण त्याआधी ते अमेरिकेच्या गाण्यावर अन्याय करतं. ती गाणी मला प्रिय आहेत, आणि म्हणूनच ती कुठून आली हे विसरून त्यांच्या नावाने गावातल्या पोरांना हिणवलं गेलेलं मला सहन होत नाही.

कुठून आली ती? एल्विस प्रेस्ली ८ जानेवारी १९३५ रोजी मिसिसिपी राज्यातल्या ट्युपेलो गावी दोन खोल्यांच्या लाकडी घरात जन्मला. मेम्फिसला आल्यावर तो एका इलेक्ट्रिकच्या कंपनीत ट्रक चालवत होता आणि जुलै १९५४ मध्ये सन रेकॉर्ड्सच्या छोट्याशा स्टुडिओत त्याचं पहिलं गाजलेलं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हाही त्याची ती नोकरी सुटलेली नव्हती. लिटल रिचर्ड जॉर्जियातल्या मेकन शहरात ग्रेहाउंड बसच्या स्थानकावर भांडी घासत होता. मायकल जॅक्सन इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलाद कारखान्यांच्या गावचा. वडील कारखान्यात क्रेन चालवायचे, घर अगदी लहान आणि भावंडं नऊ. डॉली पार्टन टेनेसीच्या डोंगरात बारा भावंडांत वाढली, वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तिच्या जन्माच्या वेळी आलेल्या डॉक्टरला त्यांनी पैशांऐवजी मक्याच्या पिठाची गोणी दिली.

ही नावं मी त्यांच्या गरिबीचं कौतुक करायला सांगत नाही. गरिबीत कौतुक करण्यासारखं काही नसतं, हे खाडीवर पोट असलेल्या गावाला कुणी शिकवायला नको. मला एवढंच दाखवायचं आहे की ज्या संगीताला आज जगाचं संगीत म्हणतात ते कापसाच्या शेतांवर, गिरणीच्या वस्त्यांत, गावच्या चर्चमध्ये आणि शनिवारच्या रात्री चालणाऱ्या दारूच्या अड्ड्यांवर तयार झालं. ते करणारी माणसं अंगमेहनतीची होती. त्यांच्या भाषेला शहरात हसत, त्यांच्या नाचाला अश्लील म्हणत. त्या वेळी नेरूळच्या आजच्या तक्रारदारांसारखी समंजस माणसं तिथेही होती आणि त्यांनी जे म्हटलं ते शब्दाला शब्द जुळावं इतकं सारखं होतं.

फ्रँक सिनात्रासारख्या थोर गायकाने १९५७ मध्ये रॉक अँड रोलवर जाहीर लेखातून आसूड ओढले. हे गाणं किळसवाणं आहे आणि ते गाणारे, लिहिणारे, वाजवणारे बहुतेक मंदबुद्धीचे आहेत, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी ६ जानेवारीला एड सुलिव्हनच्या दूरदर्शन कार्यक्रमात एल्विसला फक्त कमरेच्या वर दाखवलं गेलं, कारण कमरेखाली तो जे करत होता ते घराघरांत दिसू नये अशी भीती होती. आणि तीनच वर्षांनी, एल्विस लष्करातून परतल्यावर, मे १९६० मध्ये त्याच्या स्वागताचा दूरदर्शन कार्यक्रम कुणी केला? फ्रँक सिनात्राने. शेजारी उभं राहून दोघांनी एकमेकांची गाणी म्हटली.

आपल्याकडेही हे घडून गेलेलं आहे, आणि तेही एका विद्वान मराठी माणसाच्या हातून. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं खरं प्रेम होतं आणि आकाशवाणीवर त्यांनी त्यासाठी भरीव काम केलं. पण हिंदी चित्रपटगीतं त्यांना हलकी, पाश्चात्त्यांची नक्कल करणारी वाटत, म्हणून त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. बिनाका गीतमाला मोठी झाली ती यामुळे. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांना नको असलेल्या त्या काळातल्या गाण्यांना आज आपण सुवर्णकाळ म्हणतो आणि त्यांच्या मैफली लावतो.

त्याच १९५७ साली ‘आशा’ चित्रपटासाठी पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकरांनी, ‘ईना मीना डीका’ केलं. अमेरिकेत एल्विस ऐन भरात असताना मुंबईत एका मराठी संगीतकाराने गोव्याच्या वादकांना हाताशी धरून रॉक अँड रोल हिंदीत उतरवला. त्याआधी दहा वर्षं ‘शहनाई’मध्ये आणि मग भगवानदादांच्या ‘अलबेला’त त्यांनी अमेरिकेच्या नाचाच्या बँडची लय आणली होती. हे भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, गिरणगावातले. त्यांचा तो नाच आजही गणपतीच्या मिरवणुकीत हजारो पायांत जिवंत आहे. जगाचं संगीत ऐकायला या दोघांना कुणी गिरणगावाचा ताल सोडायला लावला नव्हता. तो ताल होता म्हणून तर ते गाणं आपलं झालं.

आता बेंजोकडे येतो, कारण टीकेचा सगळा रोख त्याच्यावर असतो. ज्याला आम्ही बेंजो म्हणतो ते अमेरिकेचं बँजो नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ताइशोगोतो नावाचं एक वाद्य बनलं. टाइपरायटरच्या कळांवरून त्याच्या कळांची कल्पना आली. ते फिरत फिरत आपल्याकडे आलं आणि बुलबुलतरंग झालं. आडवी लाकडी पेटी, वर तारा, तारांवर कळांची रांग. डाव्या हाताच्या बोटांनी कळा दाबायच्या, उजव्या हातातल्या पातळ पट्टीने तारा छेडायच्या. या पेटीला आमच्या भागातल्या वादकांनी पिकअप बसवला, वायर काढून ॲम्प्लिफायरला जोडली आणि तिचा आवाज असा काही झाला की ढोल, ताशा, ऑक्टोपॅड सगळे एकदम वाजत असतानाही ती सुराची ओळ वर तरंगत राहते. चांगला बेंजोवाला बघा. तो कळेवर बोट नुसतं ठेवत नाही, घासत नेतो, एका स्वरातून दुसऱ्यात जाताना तार किंचित ओढतो, आणि कोळीगीतातला ‘गो’ चा जो लांब हेल असतो तो बरोब्बर त्या घासण्यात पकडतो. नोटेशन त्याच्यासमोर नसतं. पुढचं गाणं कुठलं हे मांडवातल्या नाचणाऱ्यांकडे बघून तो ठरवतो, आणि एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना ढोलवाल्याला फक्त मान हलवून सांगतो. रवी जाधवांनी २०१६ मध्ये या वादकांवर ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला होता, तेव्हा कुठे शहरातल्या काही जणांना कळलं की हे वाद्य असं असतं.

हेच अमेरिकेत घडलं तेव्हा त्याला क्रांती म्हटलं गेलं. मडी वॉटर्स मिसिसिपीच्या एका मळ्यावर ट्रॅक्टर चालवत होता. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या ॲलन लोमॅक्सने त्याच्या घरी जाऊन त्याचं गाणं मुद्रित केलं. दोन वर्षांनी मडी शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांच्या गलक्यात त्याची साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून त्याने विजेची घेतली. गावाकडचं जुनं गाणं, शहरातली गर्दी आणि ॲम्प्लिफायर, यातून शिकागोचा ब्लूज झाला. इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्सनी आपल्या बँडचं नावच मडीच्या एका गाण्यावरून घेतलं. गर्दीत ऐकू जावं म्हणून मिसिसिपीच्या शेतमजुराने गिटारला वीज जोडली ती कला, आणि त्याच कारणासाठी ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी पोराने बेंजोला वीज जोडली तो गोंगाट. हा न्याय मला समजत नाही.

गुणांवर निवड झाली, हे दुसरं म्हणणं. ते मांडणाऱ्यांनी अमेरिकन बाजाराचा इतिहास वाचावा. बिलबोर्डची ‘हॉट हंड्रेड’ ही यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून निघते. तिच्यात वर जायला गाणं रेडिओवर वाजावं लागे, आणि रेडिओवर ते का वाजतं हे १९६० मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीसमोर उघड झालं. रेकॉर्ड कंपन्या डिस्क जॉकींना पैसे चारत होत्या. रॉक अँड रोल हे नाव घरोघर पोचवणारा ॲलन फ्रीड त्यात अडकला. त्याने गुन्हा कबूल केला, तीनशे डॉलर दंड भरला आणि १९६५ मध्ये तो मोडलेल्या अवस्थेत गेला. कातडीच्या रंगाची बात तर आणखी वेगळी. लिटल रिचर्डने गायलेलं ‘टुटी फ्रुटी’ गोऱ्या श्रोत्यांसाठी पॅट बूनने सपक करून गायलं आणि पॉपच्या यादीत बूनचं गाणं रिचर्डच्या पुढे गेलं. दोन्ही रेकॉर्ड एका पाठोपाठ एक ऐकल्या तर निवड गुणांची होती असं कुणीही म्हणणार नाही.

आणि सिक्स्टो रॉड्रिग्ज. डेट्रॉइटचा हा गायक १९७० मध्ये ‘कोल्ड फॅक्ट’ नावाची रेकॉर्ड घेऊन आला. अमेरिकेत ती कुणी विकत घेतली नाही. त्याने गाणं बाजूला ठेवलं आणि घरं पाडण्याची, दुरुस्तीची अंगमेहनतीची कामं धरली. इकडे दक्षिण आफ्रिकेत त्याच रेकॉर्डने एक पिढी भारून गेली, तिथे तो मेला असंच लोक समजत होते, आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. १९९८ मध्ये तो तिथे गेला तेव्हा सभागृहं तुडुंब भरली. त्याच्यावरच्या माहितीपटाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं. गाणं तेच, गळा तोच. एका देशात शून्य, दुसऱ्या देशात दैवत. तेव्हा, यादीत नाही म्हणून गाण्यात काही नाही, हा निष्कर्ष मुळातच खोटा आहे.

हिट गाणी करायला मोठी इमारत लागते हाही असाच एक समज. बेरी गॉर्डी डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात जोडणीच्या पट्ट्यावर काम करायचा. १९५९ मध्ये घरच्यांच्या बचतीच्या गटातून त्याने आठशे डॉलर कर्जाऊ घेतले, एक साधं राहतं घर घेऊन त्यात स्टुडिओ केला, आणि त्या घरातून मोटाऊनची गाणी निघाली. सुप्रीम्स, स्टीव्ही वंडर, मार्विन गे आणि जॅक्सन फाइव्ह त्या कंपनीचे. आज आमच्या पट्ट्यातल्या गावठाणांत पोरं घरातली एक खोली गाद्या-पडदे लावून बंदिस्त करतात, कॉम्प्युटरवर ट्रॅक बसवतात आणि गाणं थेट यूट्यूबवर टाकतात. कुणाच्या दारात उभं न राहता त्यांची गाणी आगरी-कोळी वस्तीबाहेरच्याही लग्नांत वाजतात. त्यांच्यापैकी एखादा गॉर्डी होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण तो ज्या वाटेवर आहे ती वाट अमेरिकेच्या वाटेपेक्षा वेगळी नाही.

टीकेत एक भाग खरा आहे आणि तो मी मान्य करतो. रात्री दहानंतर डीजेच्या भिंती लावणं बेकायदा आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम गावठाणाला आणि स्टेडियमला सारखेच लागू आहेत. ज्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, दहावीचं पोर अभ्यासाला बसलंय, त्या घराला त्रास देण्याचा हक्क कुठल्याही हळदीला नाही. अलीकडच्या काही गाण्यांत बाईचं जे वर्णन असतं ते आया-बहिणींसमोर ऐकवत नाही, हेही खरं. याविरुद्ध गावातच बोललं पाहिजे आणि आम्ही बोलतो. पण हा आक्षेप आवाजाच्या पातळीवर आणि काही ओळींवर आहे. तेवढ्यावरून सबंध गानप्रकार रद्द करणार असाल तर ‘टुटी फ्रुटी’चे मूळ शब्दही ऐका. गुत्त्यात गायचं ते गाणं इतकं अश्लील होतं की सप्टेंबर १९५५ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या स्टुडिओत डोरोथी लाबोस्ट्री नावाच्या गीतकार मुलीला बोलावून ऐनवेळी शब्द बदलून घ्यावे लागले. शब्द बदलले, गाणं राहिलं. आमच्याकडेही तेच करता येईल.

मला खरा सल आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. शांताबाई शेळक्यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेली ‘मी डोलकर’ आणि ‘वादळवारं सुटलं गो’ ही गाणी लतादीदींच्या आवाजात लागली की हेच टीकाकार डोळे मिटून ऐकतात. ऐकावीतच, ती फार मोठी गाणी आहेत. पण त्यांचा ताल, तो ‘गो’, ती दर्याची बोली आली ती किनाऱ्यावरच्या वस्त्यांतून. वेसाव्याच्या शाहीर काशीराम चिंचय यांनी हेच गाणं कोळ्यांच्या तोंडून, कोळ्यांच्या बोलीत कॅसेटवर आणलं, विठ्ठल उमपांनी पहाडी आवाजात कोळीगीतं गायली, तेव्हा त्यांची जागा लग्नाच्या मांडवात ठरली आणि दिवाणखान्यात नाही. मग आक्षेप गाण्यावर आहे की गाणाऱ्यावर? हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा. १९९६ च्या १ नोव्हेंबरला मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात गायला तेव्हा राज्य सरकारने करमणूक कर माफ केला. तो वाद न्यायालयात गेला आणि तीन कोटींहून जास्त रकमेच्या माफीवर २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा शिक्कामोर्तब केलं. गॅरीच्या क्रेनवाल्याच्या मुलासाठी सरकारने एवढं केलं याचं मला वाईट वाटत नाही. खाडीवरच्या गाण्यासाठी सरकारने काय केलं, एवढंच मी विचारतो. १९७० मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, मिठागरं गेली, शेती गेली, खाडीत मासळी उरली तेवढी उरली. गावकऱ्यांकडून घेता आलं नाही असं एक गाणं राहिलं, आणि आता ते सोडा असं आम्हाला सांगितलं जातं.

अमेरिकेकडून शिकायचंच असेल तर एक गोष्ट आहे, आणि ती गाण्यातली नाही. ती आहे नावाची आणि हक्काची लढाई. त्यात अमेरिकेने काळी पानं लिहिली आणि काही पुसलीही.

एल्विसच्या त्या पहिल्या गाजलेल्या गाण्याचा कर्ता आर्थर क्रुडप. त्याने ते १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं. पुढे तो मजुरी करूनच जगला, आणि हक्काचा बहुतेक पैसा हाती न येताच १९७४ मध्ये गेला. ‘हाउंड डॉग’ आधी गायली ती बिग मामा थॉर्नटन, १९५२ मध्ये. कृष्णवर्णीयांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, तिला मिळाले सगळे मिळून सुमारे पाचशे डॉलर. चार वर्षांनी एल्विसने ते गायलं आणि त्याची लाखोंनी विक्री झाली. सिस्टर रोझेटा थार्प ही चर्चमध्ये गाणारी बाई विजेची गिटार वाजवत भजनं म्हणायची, एल्विसच्या पिढीने तिच्याकडून शिकलं. १९७३ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या कबरीवर नावाचा दगडही बसला नाही आणि पुढे तीस वर्षांहून जास्त काळ तशीच स्थिती राहिली. चक बेरीने १९५५ मध्ये ‘मेबलीन’ लिहिलं, तर लेबलवर त्याच्या नावाशेजारी ॲलन फ्रीड आणि आणखी एकाचं नाव कवी म्हणून छापलं गेलं, कारण फ्रीडने ते रेडिओवर वाजवायचं होतं. बेरी त्यासाठी भांडत राहिला आणि १९८६ मध्ये गाणं पूर्णपणे त्याच्या नावावर झालं.

डॉली पार्टनची गोष्ट तर आमच्या प्रत्येक गाणाऱ्या मुलीला सांगायला हवी. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ तिने लिहिलं, गायलं, १९७४ मध्ये ते गाजलं. एल्विसला ते गायचं होतं. डॉली आनंदाने निघालीच होती, एवढ्यात त्याच्या व्यवस्थापकाने, कर्नल पार्करने, अट घातली की गाण्याचे अर्धे प्रकाशनहक्क एल्विसकडे यायला हवेत. तेव्हा तो जगातला सगळ्यात मोठा गायक होता. डॉली रडली, आणि तिने नकार दिला. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी गायलं, ते चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि त्याचं मोल निरक्षर शेतकऱ्याच्या त्या मुलीच्या घरी आलं. टेलर स्विफ्टने आपल्या जुन्या रेकॉर्डचे हक्क परक्या हातात गेल्यावर २०२१ पासून ती गाणी पुन्हा गाऊन बाजारात आणली आणि २०२५ मध्ये मूळ रेकॉर्डही विकत घेतल्या. ती याच वाटेवरची.

आमच्याकडे काय होतं? हळदीला धवलारीण येते. जात्यावर हळद दळण्यापासून लग्न लागेपर्यंतचा एकेक विधी ती गाऊन पार पाडते. वाद्य नाही, माइक नाही, एकटीचा किंवा सोबतिणीचा आवाज. कुलदैवत, एकवीरा आई, गावदेव, नवरा-नवरीच्या घरची माणसं या सगळ्यांना ती नावानिशी धवल्यात, म्हणजे या विधींच्या गाण्यात, ओवत जाते. हे तिला आईकडून, मावशीकडून तोंडी आलेलं असतं, पण दर लग्नात ती त्यात भर घालते. ती रचणारी आहे. मांडवाबाहेर कुणी मोबाइलवर तिचा आवाज टिपतो, महिन्याभराने तीच चाल तालात बसवून गाणं येतं आणि त्याखाली एकच शब्द असतो : पारंपरिक. कॅसेटच्या काळात कुणी लिहिलेली गाणी याच शब्दाखाली दहा कंपन्यांनी काढली. ‘पारंपरिक’ लिहिलं की कवी नाही, कवी नाही की पैसा देणं नाही. १९२७ नंतर राल्फ पीअर नावाच्या अमेरिकन धंदेवाइकानेही डोंगरातल्या जुन्या गाण्यांचे हक्क असेच आपल्या प्रकाशन कंपनीकडे वळवले होते. पण कार्टर कुटुंबासारख्या गाणाऱ्यांचं नाव त्याने लेबलवर तरी छापलं.

कायदा आमच्या बाजूने आहे, हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क घेतले असं कागदावर लिहिलं तरी तो वाटा त्याच्याकडेच राहतो, फार तर वारसाकडे किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे जातो. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हक्क टिकतो. गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, गायकांसाठी इस्रा या नावाने सुरू झालेली संस्था २०१३ पासून. यांचं सभासद होणं हे कोळीगीत लिहिणाऱ्या पोराला रेशनकार्डाइतकं आवश्यक वाटायला हवं. गाणं अपलोड करताना खाली कवी, चाल, बेंजो, ढोल, कोरस, प्रत्येकाचं नाव लिहायला एक रुपया लागत नाही. आणि धवला वापरला तर धवलारणीचं नाव आणि तिचं गाव लिहायचं, तिला विचारून लिहायचं, आणि जे मिळेल त्यातला भाग तिच्या घरी न्यायचा.

नेरूळमधल्या माझ्या टीकाकारांना यात फार मोठं काम करता येईल. त्यांच्यात वकील आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत, संगणकातले जाणकार आहेत. गावातल्या पोरांना करार वाचून दाखवा. कंपनीने पुढे केलेल्या कागदात कुठे सही करायची नाही ते सांगा. कॅसेटच्या जमान्यात ज्यांनी गाणी लिहिली, त्यांतले काही आता सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांच्या वह्या कपाटात आहेत. त्या वह्यांवरून कुठलं गाणं कुणाचं, कोणत्या साली, कोणासोबत मुद्रित झालं याची नोंद करायला बसा. चक बेरीला नाव परत मिळायला एकतीस वर्षं लागली, पण तो ते मिळताना बघायला जिवंत होता. आमच्या या माणसांकडे एवढी वर्षं नाहीत, आणि काम या नारळी पौर्णिमेच्या आधी सुरू झालं पाहिजे.